अट आली की आधी यादी, मग भागाकार: सशर्त संभाव्यतेची गणितं नमुना अवकाशातून कशी सोडवायची

दोन फासे टाकले. निदान एका फाशावर ५ आला आहे, एवढं कळलं. मग दोन्हींची बेरीज ८ असण्याची संभाव्यता किती?

अकरावीच्या मुलांसमोर हे गणित ठेवलं की हमखास तीन उत्तरं येतात: २/३६, १/६ आणि २/१२. तिन्ही चूक. २/३६ म्हणणाऱ्याने अट वाचली आणि सोडून दिली. १/६ म्हणणाऱ्याने "निदान एका फाशावर ५" याचं मनातल्या मनात "पहिल्या फाशावर ५" करून टाकलं. २/१२ म्हणणारा (किंमत १/६ एवढीच, पण वाट वेगळी) बराच जवळ पोहोचला होता, पण त्याने (५, ५) दोनदा मोजला. बरोबर उत्तर २/११ आहे. ते ज्यांना येतं, त्यांच्या वहीत बहुतेक वेळा खोडाखोड दिसते.

मी ठाण्यात, नौपाड्यात, अकरावी-बारावीचं गणित शिकवते. मुलं कळव्याहून येतात, ऐरोली-घणसोलीहून ट्रान्स हार्बरने येतात. पुष्कळांची दहावी मराठी माध्यमातून झालेली असते. दहावीत "नमुना अवकाश लिहा" असं म्हटलं की ती शहाण्यासारखी महिरपी कंस काढून सगळ्या निष्पत्ती, म्हणजे प्रयोगातून येऊ शकणारे सगळे निकाल, लिहीत. अकरावीत त्याचं "सॅम्पल स्पेस" झालं, सशर्त संभाव्यतेचं "कंडिशनल प्रोबॅबिलिटी" झालं, सोबत एक सूत्र आलं आणि यादी लिहिणं बंद पडलं. चुका तिथून सुरू होतात. सूत्र चुकीचं नाही. पण सूत्रात काय भरायचं ते यादीतून कळतं, म्हणून यादी आधी.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिले पंधरा-वीस प्रश्न तरी एकही टप्पा गाळू नका.

## तयारी

चौकटीची वही घ्या. दोन फाशांचं गणित सहा बाय सहाच्या चौकटीत फार सोपं होतं आणि साध्या रेघी वहीत ती चौकट नीट येत नाही. निष्पत्ती पेनाने लिहा, खोडायला पेन्सिल ठेवा. खोडलेलं खाली वाचता आलं पाहिजे, कारण ताळा करताना ते लागतं. पांढरा व्हाइटनर अजिबात नको.

एक फासा, दोन नाणी आणि घरात कॅरम असेल तर त्याच्या सोंगट्या जवळ ठेवा. पुढे एका ठिकाणी सोंगटी हातात घेतल्याशिवाय मुद्दा पटत नाही.

या लेखात नाण्याच्या छाप्याला "छा" आणि काट्याला "का" लिहिलं आहे. "ब घडली आहे हे माहीत असताना अ ची संभाव्यता" हे पी(अ | ब) असं लिहिलं आहे. उभ्या रेघेच्या उजवीकडे अट असते. डावीकडे जे विचारलं आहे ते.

## टप्पा १: प्रयोग एका वाक्यात लिहा, अट बाजूला ठेवून

गणित वाचून झाल्यावर पहिलं वाक्य असं लिहा: "दोन फासे एकदा टाकले." बस, एवढंच. अटीचा शब्दही त्यात नको.

हे बालिश वाटतं, पण अट लगेच डोक्यात शिरली की माणूस अर्धवट यादी लिहितो. "५ आला आहे" हे वाचून थेट (५, १), (५, २), (५, ३) असं सुरू होतं, आणि दुसऱ्या फाशावरचा ५ राहून जातो. आधी काहीच माहीत नव्हतं तेव्हा काय काय होऊ शकलं असतं, ते सगळं कागदावर यायला हवं.

तपासा: तुमच्या वाक्यात "असताना", "दिले आहे" किंवा "माहीत आहे" यांपैकी काही आलं आहे का? आलं असेल तर वाक्य पुन्हा लिहा.

## टप्पा २: पूर्ण नमुना अवकाश लिहा

दोन फाशांसाठी चौकट काढा. आडव्या ओळींना पहिल्या फाशाचे १ ते ६, उभ्या रकान्यांना दुसऱ्याचे १ ते ६. एकूण ३६ खण. नाण्यांसाठी यादी पुरते: दोन नाणी म्हणजे छाछा, छाका, काछा, काका.

फासे एकसारखे दिसत असले तरी त्यांना पहिला-दुसरा म्हणाच. एक लाल आणि एक हिरवा आहे असं समजा. (३, ५) आणि (५, ३) या दोन वेगळ्या निष्पत्ती आहेत. (५, ५) मात्र एकच, कारण कर्णावरचा खण एकच असतो.

इशारा: छाका आणि काछा यांना "एक छापा, एक काटा" अशा एका नावाखाली गोळा करू नका. तसं केलं की यादीत तीन निष्पत्ती उरतात आणि मुलं प्रत्येकीला १/३ देऊन मोकळी होतात.

## टप्पा ३: सगळ्या निष्पत्ती समसंभाव्य आहेत का ते बघा

सगळ्यात जास्त गुण इथे जातात, म्हणून इथे थोडं थांबूया.

पुढे आपण खोडणार आहोत आणि उरलेलं मोजणार आहोत. नुसतं मोजून भागायचं असेल तर यादीतल्या प्रत्येक निष्पत्तीला सारखीच संधी हवी. दोन फाशांचे ३६ खण तसे असतात. पण हे गणित बघा:

"एक फासा टाका. सम संख्या आली तर एक नाणं एकदा उडवा. विषम आली तर नाणं दोनदा उडवा. काटा एकदाही पडला नाही, हे माहीत आहे. फाशावर सम संख्या असण्याची संभाव्यता किती?"

यादी अशी होते: सम संख्यांच्या (२, छा), (२, का) अशा सहा निष्पत्ती आणि विषम संख्यांच्या (१, छाछा), (१, छाका) अशा बारा. एकूण अठरा. काटा नसलेल्या सहा: (२, छा), (४, छा), (६, छा), (१, छाछा), (३, छाछा), (५, छाछा). त्यातल्या सम तीन. म्हणून ३/६, म्हणजे १/२. हुशार मुलंसुद्धा हेच लिहितात आणि हे चूक आहे.

(२, छा) ची संभाव्यता १/६ × १/२ = १/१२. (१, छाछा) ची १/६ × १/४ = १/२४. पहिलीला दुसरीच्या दुप्पट संधी आहे आणि आपण दोघींना एकाच मापाने मोजलं.

उपाय सोपा आहे. सम संख्या आली तरी दुसरं नाणं उडवलंच, पण ते कुणी पाहिलं नाही, असं धरा. आता (२, छा) चे दोन खण होतात: (२, छाछा) आणि (२, छाका). दोन्हींत आपण पाहिलेलं पहिलं नाणं छापाच आहे. यादी २४ खणांची झाली आणि प्रत्येक खण १/२४ चा झाला. काटा पाहिला नाही असे खण: सम संख्यांचे सहा, विषमांचे तीन. उत्तर ६/९, म्हणजे २/३.

न पाहिलेलं नाणं यादीत घालायचं ही युक्ती मुलांना पहिल्यांदा विचित्र वाटते. पण मोठ्या निष्पत्तीचे सारख्या आकाराचे तुकडे करणं, एवढंच आपण केलं आहे.

याच जातीची दुसरी चूक कार्डांच्या गणितात होते. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची सारख्या मापाची तीन कार्डं कापा. एक दोन्ही बाजूंनी लाल रंगवा, एक दोन्ही बाजूंनी काळं आणि तिसरं एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने काळं. कापडी पिशवीत टाका, न बघता एक काढा आणि काढलं तसंच टेबलावर ठेवा. वरची बाजू लाल दिसली. खालची बाजूही लाल असण्याची संभाव्यता किती?

"काळं-काळं कार्ड बाद झालं, दोन उरली, म्हणजे १/२." वर्गातला जवळजवळ प्रत्येकजण हेच म्हणतो. पण आपण पिशवीतून कार्ड काढून त्याची एक *बाजू* पाहिली आहे. मग यादी बाजूंची हवी. एकूण सहा बाजू. त्यांतल्या लाल तीन: दोन लाल-लाल कार्डाच्या, एक मिश्र कार्डाची. या तिघींपैकी दोघींच्या पाठीमागे लाल आहे. उत्तर २/३.

मी हे वर्गात सांगत नाही, करून घेते. दोघा-दोघांच्या जोड्या, प्रत्येक जोडीकडे एक पिशवी, वर लाल आलं तरच नोंद. दहा-बारा नोंदींत काही ठरत नाही. सगळ्या जोड्यांच्या नोंदी फळ्यावर एकत्र केल्या की आकडा अर्ध्यावर न थांबता दोन-तृतीयांशाच्या आसपास घुटमळायला लागतो, आणि तेव्हा "मॅडम, लाल-लाल कार्डाला वर लाल दाखवायच्या दोन संधी आहेत" हे वाक्य कुणीतरी आपणहून बोलतं.

तपासा: यादीतल्या कोणत्याही दोन निष्पत्ती निवडा. दोन्हींची संभाव्यता वेगवेगळी काढा. सारखी आली तर पुढे जा. नसेल तर मोठीचे तुकडे करा किंवा प्रत्येकीसमोर तिची संभाव्यता लिहा आणि पुढे मोजण्याऐवजी बेरीज करा.

## टप्पा ४: गणितातली अट शोधा आणि अधोरेखित करा

मराठीत अट बहुतेक वेळा "असताना", "असल्यास", "हे माहीत असेल तर" अशा शब्दांत येते. पण सगळ्यात फसवा शब्द "पैकी" आहे. "पैकी" ज्या शब्दाला चिकटतो तो छेदात जातो, हे नीट लक्षात ठेवा.

उदाहरण घेऊ. समजा एका वर्गात ६० मुलं आहेत. ठाण्यात राहणारी ४०, नवी मुंबईत राहणारी २०. ठाण्यातली १२ मुलं लोकलने येतात (कळव्याची मुलं यात आली), २८ बसने किंवा चालत. नवी मुंबईतली १५ लोकलने येतात, ५ इतर मार्गांनी. म्हणजे लोकलने येणारी एकूण २७. एक मूल यादृच्छिक निवडलं.

* निवडलेलं मूल नवी मुंबईतलं *आणि* लोकलने येणारं असण्याची संभाव्यता: १५/६०, म्हणजे १/४.
* नवी मुंबईतल्या मुलां*पैकी* निवडलं असता ते लोकलने येणारं असण्याची: १५/२०, म्हणजे ३/४.
* लोकलने येणाऱ्यां*पैकी* निवडलं असता ते नवी मुंबईतलं असण्याची: १५/२७, म्हणजे ५/९.

अंश तिन्हीकडे १५. बदलतो तो छेद. "आणि" असेल तर छेदात सगळा वर्ग. "पैकी" असेल तर तेवढाच गट. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाची अदलाबदल मुलं सर्रास करतात, कारण दोन्ही वाक्यांत "नवी मुंबई" आणि "लोकल" हेच दोन शब्द आहेत. पी(अ | ब) आणि पी(ब | अ) या वेगळ्या गोष्टी आहेत.

इशारा: "निदान एक", "फक्त एक" आणि "पहिला" हे तीन शब्द अटीत दिसले की त्यांच्याभोवती गोल करा. निदान एक म्हणजे एक किंवा जास्त. फक्त एक म्हणजे दोन आले तर बाद. पहिला म्हणजे ठरावीक जागेवरचा. तिन्हींनी वेगवेगळी यादी उरते.

## टप्पा ५: अट न पाळणाऱ्या निष्पत्ती खोडा

आता पेन्सिल उचला. अट ज्या खणात खोटी ठरते तो खण तिरक्या रेघेने खोडा. एक-एक खण बघून खोडा, अंदाजाने पट्टेच्या पट्टे नकोत.

फाशांच्या गणितात ५ ची आडवी ओळ उरते, सहा खणांची. ५ चा उभा रकाना उरतो, तोही सहाचा. दोन्ही जिथे एकमेकांना छेदतात तिथे (५, ५) बसलेला असतो. म्हणून उरलेले खण ६ + ६ − १ = ११. चौकट काढली असेल तर ही वजाबाकी करावी लागतच नाही, खण समोर दिसतात.

हे अकरा खण म्हणजे तुमचा नवा नमुना अवकाश. खोडलेले पंचवीस खण आता नाहीतच असं समजा. टप्पा ७ मधला ताळा सोडला तर पुढच्या कोणत्याही आकड्यात ३६ येता कामा नये.

इथे एक प्रश्न मुलं विचारतात आणि तो चांगला आहे: उरलेल्या निष्पत्ती अजून समसंभाव्य आहेत का? आधी होत्या तर आताही आहेत. काही खण बाद झाल्याने उरलेल्यांचं आपापसातलं प्रमाण बदलत नाही.

### अट कशी कळली?

खोडण्याआधी हा एक प्रश्न स्वतःला विचारा. दोन मुलांच्या कुटुंबाचं गणित घ्या. मुलगा आणि मुलगी यांची संधी सारखी आणि एकमेकांवर अवलंबून नाही असं धरू. थोरलं मूल आधी लिहिलं तर चार निष्पत्ती: मुलगी-मुलगी, मुलगी-मुलगा, मुलगा-मुलगी, मुलगा-मुलगा.

"दोघांत निदान एक मुलगी आहे" असं सांगितलं तर शेवटची खोडली जाते, तीन उरतात, दोन्ही मुली असण्याची संभाव्यता १/३. "थोरली मुलगी आहे" असं सांगितलं तर पहिल्या दोन उरतात, उत्तर १/२.

आता तुम्ही त्यांच्या दाराची बेल वाजवली. दोघांपैकी कुणीही सारख्याच संधीने दार उघडतं असं धरा. मुलीने दार उघडलं. दोन्ही मुली असण्याची संभाव्यता किती? पाहून तर एवढंच कळलं की घरात निदान एक मुलगी आहे, म्हणून १/३ म्हणावंसं वाटतं. पण दार कुणी उघडलं हाही प्रयोगाचा भाग झाला, तेव्हा तो यादीत हवा. चार कुटुंबं, प्रत्येकात दार थोरल्याने किंवा धाकट्याने उघडलं, मिळून आठ निष्पत्ती. मुलीने दार उघडलं अशा चार: मुलगी-मुलगी मधल्या दोन, मिश्र जोड्यांतली एक-एक. त्यातल्या दोन मुलगी-मुलगीच्या. उत्तर २/४, म्हणजे १/२.

माहिती आपल्यापर्यंत एखाद्या यादृच्छिक कृतीतून आली असेल, म्हणजे कुणी दार उघडलं, कार्डाची एक बाजू वर पडली, पिशवीतून एक वस्तू दिसली, तर ती कृती टप्पा १ च्या वाक्यात लिहा. परत जाऊन यादी वाढवा. यात कमीपणा नाही.

## टप्पा ६: उरलेल्यांत हवी ती निष्पत्ती मोजा

उरलेल्या अकरा खणांत बेरीज ८ असलेले: (३, ५) आणि (५, ३). त्यांना रंगीत पेनाने गोल करा. उत्तर २/११.

चूक होते ती अशी: बेरीज ८ ची सगळी यादी, (२, ६), (३, ५), (४, ४), (५, ३), (६, २), डोक्यात पक्की असते आणि मुलं अंशात ५ लिहून मोकळी होतात. गोल फक्त न खोडलेल्या खणांना करायचा. खोडलेल्या खणाला गोल पडला असेल तर थांबा.

तपासा: अंश छेदापेक्षा मोठा नाही ना? प्रत्येक गोल केलेला खण न खोडलेला आहे ना? छेद म्हणजे फक्त न खोडलेल्या खणांची संख्या आहे ना?

## टप्पा ७: आता सूत्राने ताळा

पी(अ | ब) = पी(अ आणि ब) ÷ पी(ब), जिथे पी(ब) शून्य नाही. अ आणि ब दोन्ही घडण्याची संभाव्यता २/३६, ब ची ११/३६. भागाकार २/११. वरखालचे ३६ कटतात. यादीतून काढलेलं उत्तर आणि सूत्राचं उत्तर जुळलं नाही तर यादीत शोधा, चूक बहुधा टप्पा २ किंवा ३ मध्ये सापडते.

इथेच स्वातंत्र्याची तपासणीही होऊन जाते. ५२ पत्त्यांतून एक पत्ता काढला. तो राजा असण्याची संभाव्यता ४/५२, म्हणजे १/१३. तो बदामाचा आहे असं कळल्यावर १३ पत्ते उरतात, त्यात राजा एक, पुन्हा १/१३. अट आल्याने उत्तर हललं नाही, म्हणून या घटना स्वतंत्र. "राजा" आणि "बदाम" यांचा सामाईक पत्ता आहे, बदामाचा राजा, तरीही स्वतंत्र. स्वतंत्र आणि परस्पर अपवर्जी यांची गल्लत करू नका. राणी आणि राजा एकाच पत्त्यात येऊ शकत नाहीत, त्या घटना परस्पर अपवर्जी आहेत आणि म्हणूनच स्वतंत्र नाहीत: राणी आली म्हटल्यावर राजाची संभाव्यता थेट शून्य होते.

## अट नंतरची, प्रश्न आधीचा

कॅरमच्या १९ सोंगट्या पिशवीत टाका: ९ पांढऱ्या, ९ काळ्या, १ राणी. एकामागून एक दोन काढायच्या, पहिली परत टाकायची नाही. "पहिली राणी असताना दुसरी पांढरी असण्याची संभाव्यता" सगळ्यांना येते: १८ उरल्या, ९ पांढऱ्या, १/२.

आता उलटं विचारा. दुसरी पांढरी असताना पहिली पांढरी असण्याची संभाव्यता किती? वर्ग गप्प होतो. मग कुणीतरी म्हणतं, "पहिली तर आधीच काढली, तिच्यावर दुसरीचा काय परिणाम? म्हणून ९/१९."

पिशवी एका मुलीच्या हातात द्या. पहिली सोंगटी काढून न बघता मुठीत ठेवायला सांगा. दुसरी काढून टेबलावर ठेवायची. टेबलावर पांढरी दिसते आहे. मुठीत काय असेल? मुठीतली आणि पिशवीतल्या मिळून १८ सोंगट्या आपण पाहिलेल्या नाहीत, त्यातल्या ८ पांढऱ्या आहेत. मुठीतली त्या अठरांपैकी कोणतीही असू शकते. ८/१८, म्हणजे ४/९. मूठ उघडण्याआधीच कुणीतरी "अरे हो!" म्हणतं.

यादीनेही तेच येतं. क्रमासह जोड्या १९ × १८ = ३४२. दुसरी पांढरी असलेल्या ९ × १८ = १६२. दोन्ही पांढऱ्या ९ × ८ = ७२. ७२/१६२ = ४/९. अट ही आपल्याला काय कळलं ते सांगते. ते आधी घडलं की नंतर, याने खोडण्याच्या कामात काहीच फरक पडत नाही.

## यादी लिहिण्याइतकी छोटी नसेल तेव्हा

टक्केवारीतल्या गणितांत खण काढता येत नाहीत. तिथे १००० चा जमाव घ्या आणि टक्क्यांची माणसं, फळं, जे असेल ते करून टाका.

हापूस वरून सुरेख दिसतो आणि कापला की आत साका निघतो, हे वाशीच्या एपीएमसीतल्या फळबाजारातून पेटी आणणाऱ्या कुणालाही माहीत आहे. समजा फळ न कापता साका ओळखणारं एक यंत्र आहे. समजा १००० आंब्यांत ५० ना साका आहे. यंत्र साका असलेल्यांपैकी ८० टक्के फळं बाजूला काढतं, पण चांगल्यांपैकीही १० टक्के चुकून बाजूला काढतं. बाजूला काढलेल्या एका फळात खरोखर साका असण्याची संभाव्यता किती?

साक्याच्या ५० पैकी ४० बाजूला गेली. चांगल्या ९५० पैकी ९५ गेली. बाजूला एकूण १३५. त्यात साक्याची ४०. उत्तर ४०/१३५ = ८/२७, साधारण ०.३०. इथे ८० टक्के लिहून येणारी मुलं उलट अटीचं उत्तर देतात: साका असताना बाजूला काढलं जाण्याचं. टप्पा ४ मधला "पैकी" पुन्हा बघा.

इशारा: जमाव असा निवडा की प्रत्येक गट पूर्ण संख्येत येईल. १००० ला अपूर्णांक येत असेल तर १०,००० घ्या. साडेतीन आंबे लिहिलेत की पुढच्या पायरीवर गोंधळ पक्का.

## सरावासाठी चार, उत्तरांसह

आधी स्वतः करा, वहीत, खोडून.

१. तीन नाणी उडवली. (क) निदान एक छापा आहे, तर तिन्ही छापे असण्याची संभाव्यता? (ख) पहिलं नाणं छापा आहे, तर?

२. दोन फासे टाकले, बेरीज ७ आहे. निदान एका फाशावर ३ असण्याची संभाव्यता? मग अट आणि प्रश्न यांची अदलाबदल करून पुन्हा सोडवा.

३. ५२ पत्त्यांतून एक काढला, तो चित्राचा आहे (गुलाम, राणी किंवा राजा). तो राजा असण्याची संभाव्यता?

४. कॅरमच्या १९ सोंगट्यांतून दोन एकदम काढल्या. निदान एक पांढरी आहे. दोन्ही पांढऱ्या असण्याची संभाव्यता?

उत्तरं: (१) क: १/७, ख: १/४. (२) २/६ म्हणजे १/३. उलट केल्यावर २/११. (३) ४/१२ म्हणजे १/३. (४) २/७.

चौथ्यात ४/९ आलं असेल तर तुम्ही "निदान एक" ला "पहिली" करून टाकलंत. क्रमासह मोजाल तर अट पाळणाऱ्या जोड्या ३४२ − १० × ९ = २५२ आणि दोन्ही पांढऱ्या ७२. क्रमाशिवाय मोजाल तर १७१ − ४५ = १२६ आणि ३६. दोन्ही वाटांनी २/७ येतं. अंशात क्रमासह आणि छेदात क्रमाशिवाय मोजलंत तर ७२/१२६ म्हणजे ४/७ येईल. तसं आलं असेल तर टप्पा २ पासून पुन्हा सुरू करा.